कानमंत्रांची पहिली गाडी

पडदा वर जातो तेव्हा समोर एक मोकळं आवार. पत्र्याच्या छपराखाली ओळीने उभ्या चौदा जुन्या मोटारी, प्रत्येकीच्या काचेवर खडूने लिहिलेली किंमत. डावीकडे टेबल, टेबलामागे गाड्यांचा व्यापारी, तोंडात काडी. उजवीकडून माझा प्रवेश: ठेवणीतले कपडे, काळा चष्मा, चेहऱ्यावर श्रीमंती. आणि माझ्या मागे दीड पावलावर आमचे कानमंत्र.

कानमंत्र म्हणजे आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर. चौतीस वर्षं ते विंगेत तिपाईवर बसून आम्हाला विसरलेली वाक्यं पुरवत आले. त्यांची कुजबुज नटाला स्वच्छ ऐकू यायची आणि पहिल्या रांगेला मुळीच नाही. एकदा मी अख्खा तिसरा अंक अंगात ताप असताना केला. टाळ्या मला मिळाल्या, शब्द मात्र शेवटपर्यंत त्यांचे होते. या कलेपायी त्यांचा आवाज कायमचा खाली बसला. सुटे पैसे मागायलाही ते दुकानदाराच्या कानाशी जात आणि दुकानदार दचकून मागे सरके.

गाडी हवी होती वहिनींसाठी, म्हणजे कानमंत्रांच्या बायकोसाठी. त्यांचे गुडघे गेले होते, बसची पायरी चढवत नव्हती. लेकीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. नात अकरा महिन्यांची झाली, तरी वहिनींनी तिला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. कानमंत्रांनी मुकाट्याने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गाडी चालवण्याचा परवाना काढला. गाठीला होते नव्वद हजार. त्यातच कागदपत्रं, विमा, डागडुजी. म्हणजे गाडीला फार तर ऐंशी.

घरातल्या ज्या खुर्चीवरून वहिनी कुणाचाही हात न धरता उठतात, तिच्या उंचीची सुतळी कापून त्यांनी खिशात ठेवली होती. तीन वेळा ते एकटेच त्या आवारात गेले आणि प्रत्येक गाडीच्या सीटला सुतळी लावून आले. लांबलचक लाल गाडी बाद, कारण तिच्यात वहिनी बसल्या असत्या पण उठल्या नसत्या. जीपसारखी उंच गाडी बाद, ती बसचीच बहीण. सुतळीला बरोबर उतरली ती एकच: राखाडी, छोटी, एक दार निळं. किंमत एक लाख दहा हजार. आणि भाव करायला तोंड उघडायचं, तर आवाज नाही.

म्हणून ते माझ्याकडे आले. हातात चार पानी प्रवेश, सूचनांसकट. 'इथे ताई हसतात. फार नाही.'

"ताई, तुम्ही माझ्या थोरल्या बहीण. पैसेवाल्या. मी मागे उभा असेन. अडलात तर आहेच मी."

मी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. सात वर्षांनी भूमिका मिळत होती.

सुरुवात झकास झाली. मी निळ्या दारावर बोट टेकवून नाक मुरडलं.

"हे काय, उसनं आणलंय?"

"मावशी, दार बदललंय, गाडी नाही," व्यापारी म्हणाला.

मावशी म्हटल्यावर मी जराशी ढासळले, पण प्रवेश सांभाळला. टायर विचारले. "चालतील अजून," तो म्हणाला. मी पंच्याहत्तर म्हणाले, तो लाखावर आला. मी हसले. बहुधा थोडं जास्त झालं. आणि पुढचं वाक्य गेलं. डोकं पाटीसारखं कोरं.

तेवढ्यात मागून ती ओळखीची कुजबुज आली. माझ्या चाळीस वर्षांच्या सवयीने छाती भरून घेतली, हनुवटी वर केली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात मी म्हणाले, "ताई, आपल्याकडे नव्वद आहेत, पण त्याला कळू देऊ नका."

व्यापाऱ्याने तोंडातली काडी काढली.

"बरं," तो म्हणाला. "नाही कळलं मला. नव्वद द्या आणि गाडी घेऊन जा."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नव्वद गाडीलाच गेले, तर विमा कुठून आणि कागदपत्रं कुठून? वहिनींची गाडी मी एका वाक्यात घालवली होती. वळून बघायची हिंमत होईना.

कानमंत्र माझ्या पुढे आले. चौतीस वर्षांत मी त्यांना कुणाच्या पुढे आलेलं पाहिलं नव्हतं. खिशातून वही काढली, चष्मा लावला आणि बोलले. मोठ्याने. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा, पण शब्दन् शब्द स्पष्ट.

"मंगळवारी तुम्ही म्हणालात, चारही टायर नवे आहेत. शुक्रवारी म्हणालात, पुढचे दोन नवे. आज ताईंना म्हणालात, चालतील अजून. पहिला मालक मंगळवारी डॉक्टर होता, रविवारी शिक्षक. गाडी एकाच हातची, असं दोनदा म्हणालात, पण हात वेगवेगळे." त्यांनी पान उलटलं. "संहितेत बदल चालतो. पण कुठली प्रत पक्की धरायची ते सांगा, म्हणजे मी पुढच्या गिऱ्हाइकांनाही तीच वाचून दाखवीन."

खरंच दोन गिऱ्हाइकं मागे येऊन उभी राहिली होती. एकाने विचारलं, "त्या पांढऱ्या गाडीबद्दल काही लिहिलंय का काका?"

"आहे ना. पान सात."

"काका, वही मिटा," व्यापारी म्हणाला. तो चिडला नव्हता, हसू दाबत होता. "अठ्ठ्याहत्तर. कागदपत्रं मी करून देतो. आणि मागचे दोन टायर."

"पुढचे," कानमंत्र म्हणाले. "मागचे बरे आहेत. पाहिलेत मी."

आठवड्याने कागद हातात आले आणि आम्ही दोघं गाडी घेऊन घरी निघालो, सायकलवाल्यांना वाट देत देत. वहिनी दारात उभ्या होत्या, एक हात चौकटीवर. कानमंत्रांनी निळं दार उघडलं. वहिनी पाठमोऱ्या झाल्या, अलगद टेकल्या, मग एकेक पाय आत घेतला. परत उतरल्या, कुणाचाही हात न धरता. परत बसल्या. दोन्ही तळवे सीटवर ठेवले.

"अहो, आजच जायचं का नातीकडे?"

"आजच," कानमंत्र म्हणाले. "फक्त अंधार पडला तर रागावू नकोस, मला तिसरा गिअर अजून सापडलेला नाही."