वरचा डोस

आमच्या शेजारचे आंबा-बागायतदार काका कलमांवरच्या फवारणीला कधी हात आखडत नाहीत. पण करोनाचा बूस्टर विकत घ्यायचा म्हटल्यावर म्हणाले, "दोन फुकटातले झाले ना? पुरे! कलमं उत्पन्न देतात. माझा दंड काय देतो?"

तरी बागेतल्या दोन्ही नेपाळी राखणदारांना त्यांनीच दवाखान्यात आणलं, पैसेही मुकाट भरले. मग स्वतःची बाही सरसावत नर्सबाईंना म्हणाले, "आम्ही डझनावर एक आंबा वर घालतो. तुम्हीही घाला की!"

"काका, डझन कुठे, दोनच तर झाले!" नर्सबाई हसल्या, पण बधेनात.

मी मागेच उभा होतो. हळूच पैसे दाखवून त्यांना खूण केली. काकांना 'वरचा' मिळाला.

तेव्हापासून घासाघीस कशी करावी, हे काका मलाच शिकवतात.