सी विंडोजचा, डी आपला

कॉम्प्युटर बायकोचा होता. मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होतो, आणि घरी आल्यावर मला कुठल्याही मशीनचं तोंड बघायची इच्छा नसायची. ती मात्र बदलापूरला आमच्या कुळगावातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, खिडकीकडे पाठ करून, दिवसभर टाइप करत बसायची. लग्न, बारसं, सत्यनारायण, दुकानाचं उद्घाटन, दहावं-तेरावं. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एक सिंधी प्रेसवाला आहे, त्याला मराठी पत्रिकांचा मजकूर तयार करून द्यायचं तिचं काम होतं. मजकूर ती वर्डमध्ये नीट बसवायची, आणि गणपती, कलश, वेलबुट्टी तो त्याच्याकडे चढवायचा. अख्ख्या बदलापुरात कोणाचं लग्न कधी आहे ते आमच्या घरात आधी कळायचं.

ती गेली आणि मशीन तसंच राहिलं. सकाळी चहा झाला की मी ते चालू करायचो. काम काहीच नसायचं. आतला पंखा घरघरायला लागला की बरं वाटायचं, एवढंच. घर फार शांत झालं होतं आणि मला ते सोसत नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण ऐकणाऱ्यानं त्यावर काय म्हणायचं?

मग विंडोज रोज काहीतरी बजावायला लागलं. तुमच्या मशीनला यापुढे अपडेट मिळणार नाहीत, तुमचं मशीन नव्या विंडोजच्या लायकीचं नाही. रिटायर झालेल्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नसते. मुलगा बंगळूरला असतो, रविवारी फोन करतो. तो म्हणाला, "बाबा, ते भंगारात द्या आता. मी नवा लॅपटॉप पाठवतो."

"चालतंय ना, मग कशाला?"

"त्यात आहे काय एवढं?"

मी पावसापाण्याचं काहीतरी बोलून विषय बदलला. ते मशीन गेलं तर त्या खुर्चीसमोर नुसती भिंत राहिली असती, आणि हे फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं.

लिनक्सबद्दल मोबाइलवर कळलं. एक जण हिंदीत समजावून सांगत होता की जुन्या मशीनवर हे फुकट बसतं आणि छान पळतं. मी सगळं कंपनीच्या शिस्तीत केलं. पंप उघडायच्या आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, त्यावर टॅग लावायचा, आणि मग पान्याला हात घालायचा, अशी माझी आयुष्यभराची सवय. इथेही आधी बॅकअप घेतला. तिचा सगळा डी ड्राइव्ह बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर उतरवला आणि फोल्डर न् फोल्डर ताडून पाहिला. सी कडे ढुंकूनही पाहिलं नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर असलेल्या कुठल्याही घरात विचारा, हेच सांगतील: सी विंडोजचा, डी आपला. फॉरमॅट मारणारा सी उडवतो, डी ला हात लावत नाही. तीही हेच म्हणायची. त्यामुळे "डिस्क पूर्ण पुसून टाकू का?" असं मशीननं विचारलं तेव्हा मी चहाचा घोट घेत हो म्हटलं.

लिनक्समध्ये सी नाही आणि डी पण नाही. होम नावाचं एक फोल्डर असतं, त्यात काही नसतं. रिकाम्या घराची मला सवय झाली होतीच. पण पासवर्डानं जीव खाल्ला. जरा काही करायला जावं की पासवर्ड मागायचा. आमच्या कंपनीच्या गेटवरचा एक सिक्युरिटीवाला रोज बघून-बघून ओळखीचा झालेला असूनही माझा पास मागायचा, त्याचीच आठवण झाली. शिवाय कमांड लिहायची एक काळी खिडकी असते, तिच्यात पासवर्ड टाइप केला तर काहीच उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड मेला असं समजून मी तो उलटा करून झटकला. त्यातून ती टाइप करता करता खायची त्या खाकऱ्याचे बारीक कण टेबलावर पडले. ते पुसायला मला बराच वेळ लागला.

मग मी इंटरनेटवर एका ठिकाणी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. कुठल्याशा देशातल्या एका माणसानं लगेच उत्तर दिलं, की दिसत नसलं तरी ते घेतंय, तुम्ही टाइप करत राहा. त्या दिवशी माझ्याशी बोललेला तो एकटाच माणूस. खोटं कशाला बोलू, ते दिवस बरे गेले. काहीतरी अडायचं, मी खटपट करायचो, आणि दुपार निघून जायची.

अशात चामटोलीहून मेव्हण्याचा फोन आला. तिचं माहेर चामटोलीचं. "दाजी, ताईचं वरीस भरतंय," तो म्हणाला. "पत्रिका काढाया लागंल. आपल्यात घरोघरी द्यायची पद्धत हाय."

"पत्रिकेचं मी बघतो," मी म्हणालो.

माझं मनात पक्कं होतं. प्रथम पुण्यस्मरणाची पत्रिका तिनं किती घरांची केली असेल! तिचा एक ठरलेला मजकूर होता, कुठली ओळ कुठे मोडायची, कुठे जागा सोडायची, सगळं तिच्या हातचं. नावाच्या आणि तारखेच्या जागी टिंबं. तिची पत्रिका त्याच फाइलमधून निघायला हवी होती. दुसऱ्या कोणी केलेली पत्रिका तिच्या नावानं चामटोलीच्या घराघरात जावी हे मला चालणार नव्हतं. तिच्यासाठी एवढं एकच करण्यासारखं उरलं होतं.

फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं. शब्द नाही, अर्थ नाही; मध्येच एखादा कंस, मध्येच स्वल्पविराम, कॅपिटल आणि स्मॉल सगळं एकात एक. दुसरी उघडली, तिसरी उघडली. लग्नं, बारशी, सगळ्यांचा तोच काला. वरच्या चौकटीत तिच्या फॉन्टचं नाव तेवढं दिसत होतं. मी पुन्हा त्या परदेशी माणसाला विचारलं. तो म्हणाला, फाइल चांगली आहे, पण हा जुना फॉन्ट तुमच्याकडे नाही. विंडोजमध्ये सगळे फॉन्ट सी ड्राइव्हमध्ये असतात. तुमच्याकडे सी चा बॅकअप असेलच ना?

तिचं सगळं काम डी मध्ये होतं. ते ज्या अक्षरांत होतं ती अक्षरं सी मध्ये राहत होती, आणि तो मी माझ्या हातानं पुसला होता. मी रडलो. ती गेली तेव्हा घरात माणसं होती, चहापाणी बघायचं होतं, तेव्हा ते जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, काही सुचेना म्हणून, मी तिची हळदीकुंकवाची पत्रिका उघडली. ही आमच्या घरची. दर संक्रांतीला ती करायची आणि बिल्डिंगमध्ये दारोदारी मी वाटायचो, त्यामुळे मजकूर मला तोंडपाठ होता. तोच काला समोर आला, पण आता मला ठाऊक होतं कुठे काय आहे. वरती तिळगूळ असणार, मध्ये वेळ आणि पत्ता, आणि सगळ्यात खाली उजवीकडे, आपली, आणि मग तिचं पूर्ण नाव. तिथली अक्षरं मी एकेक करून कीबोर्डवर शोधली. त्यांतल्या काही कळांवरची छापील अक्षरं पार पुसली गेली होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती मराठी टाइप करायची याच इंग्रजी कळांवर. मला जो काला दिसत होता ती तिनं दाबलेल्या कळांची ओळ होती, जशी दाबली तशी. तिच्या नावात सुरुवातीलाच पहिली वेलांटी आहे. त्या फॉन्टमध्ये वेलांटीची कळ अक्षराच्या आधी दाबावी लागायची, आणि वर तिळगुळाच्या सुरुवातीला होती तीच कळ मला इथेही पहिली सापडली.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. आधी एका बोटानं, मग दोन. स्क्रीनवर इंग्रजी कचरा उमटत होता आणि बोटं तिच्या वाटेनं जात होती. जेवण करून पुन्हा बसलो. संध्याकाळपर्यंत ते न बघता यायला लागलं.

मग मी कॅम्प दोनला गेलो. प्रेसवाल्याचा गाळा तसाच, बाहेर स्कूटरींची गर्दी, आत शाईचा वास. मला बघून तो उठून उभा राहिला. फॉन्टचं नाव सांगितल्यावर त्यानं मागच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवरचं प्लास्टिक काढलं.

"साईं, भाभी की फाइल बस इसी में खुलती थी," तो म्हणाला. "बाकी मशीन में तो सब एबीसीडी आ जाता है. इसीलिए रखा है, नहीं तो कब का निकाल देता."

त्यानं फॉन्ट माझ्या पेन ड्राइव्हवर टाकला. मी कशासाठी नेतोय ते कळल्यावर खुर्ची ओढून म्हणाला, "अरे, तुम्ही कशाला त्रास घेता? तारीख सांगा. बैठे-बैठे बना के देता हूँ, भाभी का काम है."

"छापायला तुझ्याकडेच आणतो. मजकूर मी करतो."

"आपको आता है मराठी टाइपिंग?"

"तिचं नाव येतं," मी म्हणालो.

पेन ड्राइव्ह त्यानं कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.

घरी येऊन फॉन्टवर दोनदा क्लिक केलं, लिनक्सनं पासवर्ड मागितला, तो न बघता दिला. फाइल उघडली आणि पान मराठीत उभं राहिलं. तिच्या ओळी, तिनं सोडलेली जागा. मधोमध कै. सौ. आणि त्यापुढे टिंबं. टिंबं पुसली आणि तिचं पूर्ण नाव टाइप केलं, हळदीकुंकवाच्या पत्रिकेत होतं तसंच. आधी तिचं, मग माझं, मग आडनाव. कुठेही अडलो नाही. तारीख आणि पत्ता जुन्या पत्रिकांतून शोधून, जुळवून घातला.

शेवटी खाली, शोकाकुल म्हणून, माझं नाव घालायचं होतं. ते वेगळं शिकावं लागलं नाही. तिच्या नावातली सुरुवातीची अक्षरं सोडून दिली आणि उरलेलं टाइप केलं.