सर्व्हंट क्वार्टर

“ये घर है? इससे बड़ी तो मेरी पार्किंग है।”

नकाशे पास करणारा साहेब आमचा नकाशा दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवत होता. सगळे हसले. माझे बाबाही हसले. साहेबाचं सोडा, बाबांचं ते हसणं मला जिव्हारी लागलं.

बाबांनी उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये उभी हयात तापलेलं लोखंड ओढलं. निवृत्तीच्या पैशात रायपूरच्या कडेला एवढासा प्लॉट घेतला. एक खोली बांधली, एक मोरी. आईबाबांना आणि मला पुरेशी. मग रायपूर राजधानी झालं. शेजारी बंगले उठले, आणि नियम आला. बांधलेल्या घराचाही नकाशा पास करून घ्यायचा, आणि इतक्या लहान प्लॉटवर राहत्या घराला परवानगी नाही. गरिबाने घर बांधावं तर मोठं बांधावं!

मागच्या बंगल्याचे शेठ तिथेच खुर्चीत बसले होते. आम्ही उभे. शेठना आमची दया आली.

“मेरे नक्शे में दिखा दो, भैया. सर्व्हंट क्वार्टर.”

“तब तो पास हो जाएगा,” साहेब म्हणाला.

त्याच भिंती, तेच दार. आमचं घर म्हणून बेकायदा, शेठच्या नोकराची खोली म्हणून कायदेशीर.

“हव साहेब, हव,” म्हणत बाबांनी पेन घेतलं. मी त्यांचा हात धरला.

“बाबा, सही नोका करू.”

“काहून? छप्पर तं राहीन ना.”

“नोकर म्हणून राहाचं का आपल्याच घरात?”

“मंग आजवर कोन होतो मी, पोरी?”

आजोबा आठवले. गावची मेलेली ढोरं ओढणार नाही म्हणाले आणि भंडाऱ्याकडचं गाव सोडून इकडे आले. त्यांचा मुलगा आज नोकर म्हणून सही करायला उभा होता. माझं डोकं फिरलं.

“नामंजूर लिखिए,” मी साहेबाला म्हणाले. “हमारे नाम से लिखिए।”

घर पाडण्याची नोटीस दारावर लागली आहे. वकील म्हणतो, काही होणार नाही. नागपूरचे नातेवाईक मला मूर्ख म्हणतात. आईने भांडी पोत्यात भरून ठेवली. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. घर वाचणार नाही, हे मलाही कळतं. पुढे कुठे राहायचं, ठाऊक नाही.

पाडायला येतील त्या दिवशी मी कामावर जाणार नाही. दारात बसेन. कोणाचं आहे म्हणून विचारलं, तर सांगेन. आमचं.