उजवा कौल

देवावर माझा विश्वास आहे, पण देवाच्या नावावर चालणाऱ्या गोष्टींवर कधी फारसा नव्हता. एकोणतीस वर्षं मी नर्सची नोकरी केली. त्यातली शेवटची अकरा कोयनानगरच्या पुढच्या एका उपकेंद्रात गेली. ताप आला की आधी अंगारा लावायचा आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे यायचं, अशा लोकांना मी तोंडावर फटकारत आले. "अंगाऱ्यानं ताप उतरत असता तर सरकारनं मला पगार कशाला दिला असता?" हे माझं ठरलेलं वाक्य. म्हणून पुढचं लिहिताना मला माझीच लाज वाटते. अंगाऱ्याला हसणारी मी, माझ्यावर वेळ आली तेव्हा सरळ देवीला कौल लावायला गेले. आणि तेही कशासाठी, तर एका लेकराचं दुःख दडपून टाकायला परवानगी मिळावी म्हणून.

आमचं उपकेंद्र धरणाच्या वसाहतीच्या अगदी टोकाला होतं. त्या बाजूची निम्मी घरं रिकामी पडलेली, कुलपं गंजलेली, गवत खिडकीपर्यंत आलेलं. दुपारी बारानंतर तिथे इतकी शांतता पसरायची की औषधाच्या कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या तरी दचकायला व्हायचं. त्या किणकिणायच्याही, कारण आमच्याकडे जमीन अधूनमधून हलते. लोक मान वर करून बघतसुद्धा नाहीत, एवढी सवय झालेली आहे. नवरात्रातल्या सहाव्या माळेच्या दिवशी अशाच दुपारी उपकेंद्राशेजारच्या, आमच्याच वाडीतली दहा वर्षांची एक मुलगी पोट धरून आली. पंधरवड्यातली तिसरी खेप. तिचं नाव मी सांगणार नाही. कायद्यानं ते सांगता येत नाही, आणि कायदा नसता तरी सांगितलं नसतं.

मी पोट तपासलं, जंत विचारले, जेवण विचारलं. ती छताकडे बघत होती. मग जरा वैतागूनच म्हणाले, "अगं, पोटात काही नाही तुझ्या. शाळा चुकवायला येतेस का?" तेव्हा तिनं मान वळवली आणि सगळं सांगितलं. रडत नव्हती. बाजारातून काय काय आणलं ते सांगावं, तसं एकामागून एक सांगत गेली. ते मी इथे लिहिणार नाही. शेवटी म्हणाली, "आईला सांगू नगा, ती कामावर जायची बंद हुईल." तिची आई वसाहतीतल्या खानावळीत पोळ्या लाटायची, म्हणून शाळा सुटल्यावर मुलगी शेजारच्या घरी टीव्ही बघत बसायची. ते घर आप्पांचं. आप्पा म्हणजे माझे चुलत दीर. छबिन्याला देवीच्या पालखीचा पुढचा दांडा ज्यांच्या खांद्यावर असतो, आणि माझ्या मुलीच्या लग्नात जे तीन दिवस मांडवात राबले, ते आप्पा.

कायदा मला माहीत नव्हता असं नाही. तालुक्याला प्रशिक्षण झालं होतं. लेकरावर अत्याचार होतोय असं ज्याला कळलं, त्यानं ते पोलिसांना कळवायलाच हवं, न कळवणं हाही गुन्हा, खात्री करून घेणं हे आपलं काम नाही, हे तिथे तीन-तीनदा सांगितलं होतं. मी वहीत ठळक लिहून घेतलं होतं. मुलांसाठीचा मदतीचा नंबरही फोनमध्ये घातला होता. एवढं सगळं असून मी त्या मुलीला पोटदुखीच्या दोन गोळ्या दिल्या आणि "बघू हं" म्हणाले. त्या दोन शब्दांची मला आजही किळस येते.

दोन दिवस मी घरात आणि उपकेंद्रात भुतासारखी वावरले. मालकांना सांगितलं नाही, कुणालाच नाही. पोर खोटं बोलत असेल, टीव्हीत काहीबाही बघितलं असेल, असे विचार मीच मनात आणायचे आणि मीच खोडायचे. एकोणतीस वर्षं लेकरं तपासलेली बाई मी. खरं बोलणारं लेकरू मला कळत नाही होय? पण आप्पा तुरुंगात गेले तर जाऊबाईंचं काय, आपल्या घराला लोक काय म्हणतील, हे चक्र थांबत नव्हतं. आठव्या माळेला सकाळी उठले आणि ठरवलं, वाघजाईला विचारू. ती म्हणेल तसं करू. म्हणजे माझ्याकडे काही राहणारच नाही.

वाघजाईचं देऊळ वर घाटात आहे. त्या दिवशी धुकं इतकं उतरलं होतं की चढताना पुढची पायरी पायाला लागल्यावरच कळायची. गाभाऱ्यात समई आणि एकटे गुरवमामा. आमच्याकडे कौल लावायची रीत अशी, की देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवमामांनी विचारलं, "काय इचारायचं, नर्सबाई?"

"मनात धरलंय," मी म्हणाले.

मनात मी काय धरलं होतं ते आज लिहिते. "आई, मी गप्प बसू ना? बसू असं असेल तर उजवा दे." सांगू का, असं विचारता आलं असतं. तसं मी विचारलं नाही.

आणि जमीन हलली. अगदी थोडी, नेहमीसारखी. पण वरच्या सगळ्या घंटा कुणी हात न लावता एकदम कुजबुजल्यासारख्या वाजल्या, समईची ज्योत आडवी झाली आणि उजवी पाकळी देवीच्या खांद्यावरून घरंगळून माझ्या पदरात पडली. गुरवमामांच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. "आवं, आईनं हालून उजवा दिला. लय मोठा कौल हाय ह्यो," ते म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटली ती भीती. देवीचे चांदीचे डोळे माझ्याकडे असे लागले होते की मान वर करवेना.

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्या देवळात रेंज येत नाही, फोन करायचा तर खालच्या वळणापर्यंत उतरावं लागतं. गुरवमामाही फोनकडे बघत राहिले. मी घेतला. पलीकडून एका बाईचा शांत आवाज आला. मुलांच्या मदतीच्या नंबरावरून बोलतेय म्हणाली, आणि माझं पूर्ण नाव घेऊन विचारलं की तुम्हीच का त्या.

"हो. पण मी फोन केला नव्हता," मी म्हणाले.

"एका वयस्कर बाईंनी केला होता. स्वतःचं नाव सांगितलं नाही. तुमचं नाव आणि नंबर दिला आणि म्हणाल्या, 'तिला सगळं ठाऊक हाय, पर तिला कुणीतरी इचाराय पायजे.' म्हणून विचारते. मुलगी आत्ता, या क्षणी कुठे आहे?"

 ती कुठे आहे हे मला पक्कं माहीत होतं. त्या दिवशी अष्टमी. आप्पांच्या घरी दरवर्षी अष्टमीला नऊ कुमारिका जेवायला असतात. मलाही बोलावणं होतं, आणि कौल घेऊन मी तिथेच जेवायला जाणार होते. हे मी त्या बाईला सांगितलं, आप्पांचं नाव सांगितलं, वाडी सांगितली, मुलीनं जे सांगितलं तेही अडखळत सांगितलं. "पोलीस आणि आमची माणसं निघतायत. तुम्ही तिच्याजवळ जा. तिला एकटी सोडू नका," एवढं बोलून आवाज तुटला. स्क्रीनवर रेंजची एकही काडी नव्हती.

घाट मी कशी उतरले ते आठवत नाही. आप्पांच्या पडवीत नऊ पाट मांडलेले, रांगोळ्या घातलेल्या, आणि नऊ मुली गजरे माळून ओळीत बसलेल्या.  आप्पा धूतवस्त्र नेसून, ताम्हण घेऊन त्यांचे पाय धूत होते, पुसून त्यांवर कुंकू लावत होते. शेवटच्या पाटावर ती होती. तिची पावलं त्यांच्या तळहातांत होती आणि ती त्या पावलांकडे अशी बघत होती, जणू ती तिची नव्हेतच. पूजा बघायला आलेल्या बायका हात जोडून उभ्या होत्या. मला भर दुपारी थंडी वाजली.

"हिचा इंजेक्शनचा डोस चुकलाय. आत्ताच्या आत्ता द्यायला हवा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

आप्पा हसले. "वैनी, निवद दावू द्या की. देवी बसलीया पाटावर."

"डोस आधी," मी म्हणाले आणि हात पुढे केला. मुलगी उठली. ओल्या कुंकवाची लालभडक पावलं फरशीवर उमटवत ती दारातून बाहेर पडली आणि मी काही न सांगता उपकेंद्राच्या वाटेला लागली. ती पुढे, मी मागे. एकदाही तिनं वळून बघितलं नाही. मी येतेय याची तिला खात्री होती की मी आले नाही तरी ती जाणारच होती, हे मला कळलं नाही.

उपकेंद्रात तिची आई आली, पिठाच्या हातांनीच. तिला सांगितल्यावर ती एवढंच म्हणत राहिली, "मला कसं कळलं न्हाई वं, नर्सबाई?" तासाभरात साध्या साडीतल्या महिला पोलीस अधिकारी आल्या आणि मुलीशी तिच्या कलानं बोलल्या. पुढे बालकल्याण समितीनं मुलीसाठी एक आधार देणारी बाई नेमून दिली. वाईच्या एक निवृत्त शिक्षिका. खटला चालला त्या दीड वर्षात त्या एसटी बदलत बदलत येत राहिल्या. मुलीला कोर्टाची रिकामी खोली आधी दाखवून आणली, कोण कुठे बसतं ते सांगितलं, आणि साक्षीच्या दिवशी तिच्या शेजारी बसल्या. काय बोलायचं ते मात्र कधीच सांगितलं नाही. ते त्यांना सांगायचंच नसतं. तिला आप्पा दिसू नयेत म्हणून मध्ये पडदा होता. मी साक्षीदार, म्हणून मला बाहेर बाकावर बसावं लागलं. बंद दाराआड ती काय बोलते ते ऐकू येत नव्हतं, सुचवता येत नव्हतं, काही म्हणजे काही करता येत नव्हतं. देवीवर सोडलं असं मी आयुष्यभर म्हणत आले होते. खरं सोडणं त्या बाकावर शिकले.

मग माझी पाळी आली. आप्पांनी सांगलीहून नावाजलेले वकील आणले होते. त्यांनी थेट विचारलं, "मुलीनं सांगितल्यावर दोन दिवस तुम्ही काय करत होता? तिला पढवत होता ना? दिराशी जमिनीवरून वाकडं होतं ना तुमचं?"

आजारी होते म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. खरं सांगितलं तर कायद्यानं मीही दोषी. पण ती लहानगी एवढं सगळं बोलून गेली होती त्याच खोलीत. मी म्हणाले, "पढवलं नाही. देवीला कौल लावायला गेले होते."

"काय विचारलंत देवीला?"

"गप्प बसू का म्हणून."

"आणि?"

"उजवा कौल मिळाला. गप्प बस असा."

वकील न्यायाधीशांकडे बघून हसले. "तरी तक्रार दिलीत. म्हणजे देवीपेक्षा तुम्ही शहाण्या?"

"नाही साहेब," मी म्हणाले. "मला हवं तेच उत्तर यावं असा प्रश्न मी घातला होता. तिनं पाकळी पाडली. पण त्यावर थांबली नाही ती. फोनही आला."

हे सगळं टाइप होत होतं. 

आप्पांना शिक्षा झाली. जाऊबाईंचं दार आमच्या दाराला लागून, पण त्या घरून दिवाळीचं ताट येणं बंद झालं ते झालंच. मालक वर्षभर माझ्याशी तुटक बोलले. फोन कुणी केला होता, ते मी पोलिसांना एकदा विचारलं होतं. कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात, आणि त्यांनाही ते माहीत नव्हतं. मुलगी आणि मी सोडून कुणाला काही ठाऊक नव्हतं. मुलीकडे फोन नव्हता. माझी लेक म्हणते, कुणा म्हातारीनं काहीतरी बघितलं असेल, मुलीला माझ्याकडे तीनदा येताना पाहून अंदाज बांधला असेल. असेलही. मी वाद घालत नाही. ती जी कुणी असेल तिच्या पायांवर मी रोज डोकं ठेवते. निवृत्त झाल्यावर मीही लेकरांबरोबर कोर्टात जायचं काम मागून घेतलं, तेही तिचंच देणं समजते.

साक्ष देऊन बाहेर आले त्या दिवशी मुलगी वाईच्या बाईंबरोबर कोर्टाच्या आवारात केळं खात उभी होती. तिनं विचारलं, "तुमाला काय इचारलं आत?"

तिच्याशी आता खोटं बोलायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. म्हणाले, "तू सांगितल्यावर मी दोन दिवस घालवले. कुणाला सांगू का नको, ते आधी देवीला विचारायला गेले. तेच त्यांनी विचारलं."

तिनं सावकाश घास गिळला. "मी तर कुणालाच इचारलं न्हाई," ती म्हणाली. "तुमालाच येऊन सांगितलं."

माझे हात आपोआप जोडले जात होते. मी ते खाली घेतले. तिला देवी करून पाटावर बसवणारा एक होऊन गेला होता, दुसरी मला व्हायचं नव्हतं. मी तिच्यासमोर वाकून म्हणाले, "माझं चुकलं, बाळा."

"व्हय," ती म्हणाली, आणि उरलेलं केळं मला देऊन आईकडे गेली.