सांदवाडीतली रेती

त्या वर्षी माघात बाबांनी घरामागच्या सांदवाडीत खड्डा खणायला घेतला, तेव्हा मला वाटलं संडासाच्या टाकीचं काम काढलंय. आमच्या नव्या वसाहतीत जो तो तेच खणत होता. पण खड्ड्याची लांबी पाहिली आणि शंका आली. एवढी लांब टाकी कुणाच्या घरची असते?

"टाकी नोहे," बाबा म्हणाले. "तुह्या मायसाठी डांगरवाडी करून राहिलो."

मी हातातला चहा खाली ठेवला. डांगरवाडी नदीत असते, घरामागे नाही. दिवाळीनंतर वैनगंगेचं पाणी उतरलं की मधली रेती उघडी पडायची आणि आम्ही ढिवरांची घरं तिथे टरबूज, डांगर, काकड्या लावायचो. एरवी मासे आणि उन्हाळ्यात टरबूज, असं आमचं वर्ष असायचं. मग खालच्या धरणाचं पाणी हळूहळू मागे चढत आलं. आधी रेती बुडाली, पाठोपाठ गावही. आता आम्ही सरळ रेषेत आखलेल्या प्लॉटांवर राहतो. जमीन सगळी मुरमाची, कुदळ मारली की खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात.

मायचं या घरात मन लागलंच नाही. जुन्या गावात ती दिवसभर उन्हातान्हात असायची. इथे आल्यापासून ती समोरच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची. मागच्या दाराबाहेर पाऊल टाकायची नाही. जेवण अर्ध्यावर आलं होतं आणि बोलणं त्याहून कमी. घराला ती घर म्हणत नसे, 'पिलाट' म्हणायची. पवनीच्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या, त्या तिने तशाच फळीवर ठेवून दिल्या. बाबा एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "हे अशीच बसून राहिली ना, तं एक दिवस बसल्या बसल्याच जाईन." त्या भीतीवर त्यांना सुचलेला इलाज म्हणजे हा खड्डा. मला तो शुद्ध खुळेपणा वाटला आणि मी तसं तोंडावर बोललोही. त्यांनी माझ्या हातात फावडं दिलं.

मी जवाहरनगरला एका किराणा दुकानात कामाला आहे. रविवार तेवढा माझा. त्या वसंतातले माझे सगळे रविवार अक्षरशः खड्ड्यात गेले. खणून झाल्यावर तळाला खताच्या रिकाम्या चुंगड्या फाडून अंथरल्या, म्हणजे पाणी मुरमात जिरणार नाही. शेजाऱ्यांच्या बकऱ्या शिरू नयेत म्हणून मी बांबूच्या कमच्यांचं कुंपण केलं. ते वाकडं झालं, ते अजूनही तसंच आहे. रेती मात्र बाबांनी एकट्याने गोळा केली. वसाहतीत कुणाचं ना कुणाचं बांधकाम चाललेलंच असायचं आणि दारापुढे उरलीसुरली रेती पडलेली असायची. बाबा घमेलं घेऊन दारोदार फिरायचे.

"काय बुवा, माडी चढवून राहिले का?" लोक विचारायचे.

"हाव, वास्तूच्या जेवनाले ये," बाबा म्हणायचे. लाज वाटायची ती मला, त्यांना नाही.

रेती भरून झाली तेव्हा ते हातपाय धुऊन मायला बोलवायला गेले. ती उठली नाही.

"नदी का घमेल्यानं आनता येते?" ती म्हणाली.

बाबांना तो टोमणा वाटला नाही. येते की नाही याचा खरंच विचार करत असल्यासारखे ते थोडा वेळ तिथे उभे राहिले, आणि मग एकटेच जाऊन बी लावून आले.

बी उगवलं नाही. पळस फुलून गेला, होळी आली, मोहफुलं वेचायला बाया पहाटे जंगलाकडे जाऊ लागल्या, तरी आमच्या रेतीत हिरवं काही दिसेना. बाबा सकाळ-संध्याकाळ हापशीवरून पाणी आणून घालायचे आणि बोटाने रेती उकरून पाहायचे. मला त्यांच्याकडे बघवेना. एके दिवशी ते असेच हात झटकत आत आले, तेव्हा माय भिंतीकडूनच मला म्हणाली, "तुह्या बाबाले पूस, बी कमरेले बांधलं होतं का?"

बांधलं नव्हतं. बाबा जन्मभर नदीत राहिले, पण त्यांचं काम खड्डे खणण्याचं, खत वाहण्याचं आणि राखणीचं. बी बाया बघायच्या. ते पेरायच्या आधी भिजवून, कापडात बांधून अंगाच्या उबेला ठेवायचं असतं, हे इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी उरलेलं बी गुपचूप मायच्या पुढ्यात आणून ठेवलं.

मायने ते कोमट पाण्यात भिजवलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली आणि कमरेला खोचली. बसायची ती तशीच भिंतीला टेकून, पण हात सारखा पुरचुंडीकडे जायचा. पुरचुंडी सोडली तेव्हा प्रत्येक बीला पांढरा कोंब होता. बाबांनी ओंजळ पुढे केली.

"तुमच्या हातानं उलटे पडतीन," ती म्हणाली आणि उठली. मागचं दार ओलांडून सांदवाडीत गेली, रेतीत बसली आणि हाताने आळी करू लागली. बाबा बाजूला उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर ती परत फिरली असती असं मलाही वाटलं.

पुढचे दिवस आमच्या घरात फार बरे गेले. माय उजाडताच वेलांपाशी असायची. भात पुन्हा मागून घेऊ लागली, बकऱ्यांशी भांडू लागली, माझ्या कुंपणाला नावं ठेवू लागली. पहिलं बोंडाएवढं फळ धरलं आणि मी बोट केलं, तर हातावर चापट बसली. "बोट दाखवू नोको, सडते." मी बोट दुमडून दाखवलं. बाबा तिकडे तोंड करून हसत होते. पण उन्हं तापली तशी रेती तासाभरात कोरडी पडायची आणि बाबांच्या बादल्या संपत नव्हत्या. माय ते बघायची. एकदा हळूच म्हणाली, "तिथं पानी खालून येत होतं."

पहिलं फळ आम्ही खात नाही, नदीला देतो. हळद-कुंकू लावून ते पाण्यात सोडायचं. धार ते मधोमध ओढून न्यायची आणि आम्ही पोरं ते दिसेनासं होईपर्यंत काठाकाठाने पळायचो. वैशाखात आमचं पहिलं टरबूज तयार झालं, नारळाहून जरासंच मोठं. माय आपणहून म्हणाली, "गंगेले द्या लागन." इथे आल्यापासून तिने नदीकडे तोंड केलं नव्हतं. मी दुकानाला दांडी मारली.

आमच्या जुन्या गावाचा डांबरी रस्ता आता सरळ पाण्यात उतरतो. सकाळीच आम्ही तिघं तिथवर चालत गेलो. समोर दूरपर्यंत हिरवट पाणी आणि त्यातून वर आलेले वाळल्या झाडांचे शेंडे. माय घोटाभर पाण्यात उतरली, टरबूज सोडलं, हात जोडले. टरबूज तिथेच राहिलं. मग वाऱ्याने हळूच फिरून तिच्या पायाला येऊन लागलं. तिने पुन्हा ढकललं, ते पुन्हा आलं.

"घेत नाई," ती म्हणाली. भिंतीला टेकून बसलेल्या मायचा आवाज होता तो.

"घेत कशी नाई?" म्हणत बाबा कपड्यांसकट पाण्यात शिरले. छातीभर पाण्यात जाऊन त्यांनी टरबूज दोन्ही हातांनी पुढे लोटलं, पाण्यावर हात मारून मारून लाटा केल्या. मग आमच्याकडे वळले. धापा टाकत होते आणि हसत होते. "गेलं, पाह्य! घेतलं नदीनं!"

त्यांच्या पाठीमागे टरबूज थांबलं आणि परत यायला लागलं.

मायने ते पाहिलं. मग तिने बाबांकडे पाहिलं, अंगाला चिकटलेल्या त्यांच्या सदऱ्याकडे, कुदळीने सोललेल्या हातांकडे.

"हाव, गेलं," ती म्हणाली. पुढे होऊन तिने त्यांना हात दिला, बाहेर काढलं, पदराने त्यांचं तोंड पुसलं. ते मागे वळणार तेवढ्यात तिने त्यांचं कोपर धरलं. "मांगं नोका पाहू. वाहिलं का मांगं पाहाचं नसते."

असा काही नियम आमच्यात नाही. मी तो कधी ऐकला नव्हता आणि बाबांचा तर सगळा जन्म नदीत गेलेला. पण ते मान सरळ ठेवून चालू लागले आणि माय त्यांचं कोपर न सोडता त्यांच्यासोबत. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही, कारण दोघंही समोर पाहत होते. मी मागे वळून पाहिलं. टरबूज रस्त्याच्या डांबराला येऊन लागलं होतं.