कुराता-सान आणि फेब्रुवारीची सहल

आमच्या याइझूत बर्फ पडत नाही. पडलाच तर दहा वर्षांतून एकदा, आणि तोही टोपीवरून खांद्यावर येईतो विरघळतो. म्हणूनच असेल, पण आमच्या कारखान्यातली माणसं दर फेब्रुवारीत बस करून नागानोच्या डोंगरात स्कीइंगला जायची. कारखाना छोटाच. कुपा मासा उकडायचा, धुरावर सुकवायचा, लाकडासारखा टणक झाला की किसून पिशव्यांत भरायचा. एकोणीस माणसं. सहलीचा पायंडा थोरल्या मालकांनी, म्हणजे आकिबा-सानांनी पाडला, आणि तो चालवायचं काम सतरा वर्षं कुराता चिझुको-सान यांच्या गळ्यात होतं.

गळ्यात पडलं कसं, तेव्हा मी तिथेच होतो. मी मालाची गाडी चालवतो, आणि फेरी नसली की ऑफिसात कुराता-सानांच्या शेजारच्या टेबलावर पावत्या लिहितो. आधी सहल बघणारा माणूस निवृत्त झाला होता. थोरल्या मालकांनी ऑफिसभर नजर फिरवली. सगळे खाली मान घालून कामाला लागले. कुराता-सान त्याच वेळी फोनवर ऑर्डर घेत होत्या, त्यामुळे त्यांना मान खाली घालायला उशीर झाला.

"तुम्ही निइगाताच्या ना?" मालकांनी विचारलं. "डोंगराकडच्या? बर्फातल्या?"

"हो," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर. या वर्षापुरतं तुम्ही बघा."

या वर्षापुरतं म्हणता म्हणता सतरा वर्षं गेली.

काम ऑक्टोबरात सुरू व्हायचं. कुराता-सान एका पुठ्ठ्याला कागद लावून तो सगळ्यांकडे फिरवायच्या. तारखा तीन, कोणती चालेल ते लिहा. बुटाचं माप लिहा. काय खात नाही ते लिहा. आणि खाली वाचल्याची खूण म्हणून आपल्या नावाचा शिक्का मारा. पुठ्ठा परत यायचा तेव्हा शिक्के एकोणीस आणि उत्तरं चार. त्यातलं एक दुसऱ्याच कुणाच्या रकान्यात.

"वाचलं का तुम्ही हे?" त्या हिशेब बघणाऱ्या इशिगामी-सानांना विचारायच्या.

"शिक्का मारलाय ना."

"शिक्का दिसतोय. तारीख कुठली लिहू?"

"माझं काय, मला कुठलीही चालेल."

कुराता-सान टेबलावर परत येऊन माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "कुठलीही चालेल म्हणणाऱ्या माणसाचा मला सगळ्यात जास्त त्रास. एक ठरवली की नेमकी तीच चालत नाही."

आणि तसंच व्हायचं. तारीख ठरली की इशिगामी-सानांच्या नातीची परीक्षा निघायची. तारीख बदलली की पॅकिंगमधल्या दोघींच्या गल्लीतला उत्सव आडवा यायचा. त्यानंतर खोल्यांचा घोळ. धुरीच्या खोलीत काम करणारे मोचिझुकी-सान घोरायचे. साधं घोरणं नव्हे. एका वर्षी शेजारच्या खोलीतल्या ओसाकाच्या पाहुण्यांनी भूकंप समजून चपला घातल्या होत्या. त्यांच्या खोलीत कुणाला घालायचं यावरून दरवर्षी कुराता-सानांकडे चोरून माणसं यायची. समोर कुणी काही बोलायचं नाही. मोचिझुकी-सान स्वतः येऊन म्हणायचे, "मी बसमध्येच झोपतो ना."

"उणे बारा अंशांत?"

"मी मोठी रजई आणीन."

"मोचिझुकी-सान, तुम्ही जा आणि मासे बघा."

गेल्या वर्षी मात्र या सगळ्यावर कळस झाला. थोरल्या मालकांचे चिरंजीव, धाकटे मालक, तोक्योतली नोकरी सोडून परत आले होते. त्यांना पुठ्ठा मिळाला तेव्हा त्यांनी तो कधी नव्हे तो वाचला.

"कुराता-सान, दरवर्षी तेच लॉज का? जुनं आहे. संडास जिन्याखाली. हल्ली परदेशी लोक जातात ती हॉटेलं बघा की. उतारावरूनच आत शिरता येतं."

कुराता-सानांनी तीन दिवस खपून अशा हॉटेलांची माहिती काढली. तिथल्या एका रात्रीच्या पैशांत आमच्या तीन वर्षांच्या सहली झाल्या असत्या. शिवाय जेवण वेगळं. त्यांनी कागद धाकट्या मालकांपुढे ठेवला.

"अरे बाप रे," ते म्हणाले. "मग लॉजच ठीक. मी आपलं सुचवलं."

"सुचवलंत," असं म्हणून कुराता-सानांनी कागद उचलला आणि इतका बारीक फाडला की मला वाटलं, मासा किसतायत.

मग त्यांनी ओगिसावाच्या त्या नेहमीच्या लॉजला फोन लावला. लॉजवाले फुजिमोरी-सान म्हणाले, या वर्षी बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, खोल्या देतो, पण जेवण जमणार नाही. एकोणीस माणसांचं सकाळ-संध्याकाळचं जेवण. कुराता-सानांनी गावातल्या दोन खानावळींशी बोलून तेही जुळवलं. तारीख चौथ्यांदा बदलली. खोल्यांचा तक्ता सातव्यांदा काढला. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बस कंपनीचा फोन आला. चालक मिळत नाहीत, शनिवार-रविवार जमणार नाही, बुधवारी चालेल का.

बुधवारी कसं चालेल? बुधवारी बंदरात मासा उतरतो.

त्यांनी आणखी सहा कंपन्यांना फोन केले. मी शेजारीच होतो. सहाव्यानंतर रिसीव्हर इतका हळू ठेवला की मलाच धडकी भरली. बारा वाजले होते. त्या उठल्या, जेवणाच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "बस मिळत नाही. या वर्षी सहल रद्द."



"अरेरे," इशिगामी-सान म्हणाल्या. "फार वाईट झालं." आणि त्यांनी लोणच्याचा तुकडा तोंडात टाकून तो इतक्या कुरकुरीतपणे चावला की सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"नाहीतरी माझा गुडघा या वर्षी बरा नाहीच," पॅकिंगमधली एक म्हणाली.

"मला तर थंडी सोसतच नाही हल्ली," दुसरी.

"मी कधी उतारावर गेलोच नाही," उकडीकडचा ओनो म्हणाला. "पाच वर्षं नुसती करी खाऊन परत येतोय."

बोलता बोलता खोलीत सुट्टीचा वास सुटावा तसं झालं. कुराता-सान अजून उभ्याच होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला यायचंच नव्हतं?"

शेवटी इशिगामी-सान म्हणाल्या, "तसं नाही हो. पण तुम्ही एवढं मरमर मरून जुळवता. नाही कसं म्हणायचं माणसाने?"

"मी कुणासाठी जुळवत होते?"

कुराता-सानांनी आपला डबा न उघडताच परत बांधला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी फोनवर गिऱ्हाइकांशी सोडून कुणाशी शब्द काढला नाही. गिऱ्हाइकांशी मात्र इतक्या गोड बोलत होत्या की ऐकून अंगावर काटा येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या घड्याळाशेजारी कागद लागला. बारीक, सरळ अक्षर.

"चौदा फेब्रुवारी, सकाळी पाच. कारखान्याची गाडी जाईल. जास्तीत जास्त सात माणसं. ज्यांना खरोखर यायचं आहे त्यांनीच नाव लिहावं. कुणाला बरं वाटावं म्हणून लिहू नये. शिक्का नको."

पहिलं नाव मोचिझुकी-सानांचं आलं, मोठ्या अक्षरात, दोन रकाने व्यापून. दुसरं लिएनचं. ही व्हिएतनामहून तीन वर्षांच्या करारावर आलेली मुलगी, पिशव्या भरायच्या विभागात. ती कुराता-सानांपाशी येऊन उभी राहिली. "मला स्की येत नाही. फक्त बघायला आलं तर चालेल? आईला फोटो पाठवायचाय."

"चालेल."

"बूट?"

"माप सांग. आणि 'कुठलंही चालेल' म्हणू नकोस."

"तेवीस सेंटिमीटर," लिएन म्हणाली.

"देव तुझं भलं करो," कुराता-सान म्हणाल्या. ते त्यांनी मनापासून म्हटलं.

गुरुवारी मी नाव लिहायला गेलो तर माझ्या आधी तिसरं नाव होतं, जुन्या वळणाच्या सुंदर अक्षरात: आकिबा. थोरले मालक ब्याऐंशी वर्षांचे. हल्ली कारखान्यात आठवड्यातून एकदा यायचे, धुरीच्या दारात उभे राहून वास घ्यायचे आणि परत जायचे. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सुनेचे फोन सुरू झाले. तिथे कमोडचा संडास आहे का. जिन्याला कठडा आहे का. औषधं जेवणाआधीची तीन आणि नंतरची चार, ती कोण देणार. दवाखाना किती लांब. कुराता-सान लिहून घेत होत्या आणि पेन्सिलीचं टोक मोडत होतं.

"एकोणीस माणसांचा इतका त्रास नव्हता," त्या मला म्हणाल्या.

शुक्रवारी मी कागद उतरवला. चार नावं. मी म्हटलं, "तुमचं राहिलं की."

"माझं कशाला?"

"तुम्ही येणार नाही?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सुगियामा-सान, मला बर्फ आवडत नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आमच्याकडे खालचा मजला बर्फात पुरला जायचा. माडीच्या खिडकीतून शाळेला जायचो. रोज पहाटे छपरावर चढून फावड्याने बर्फ खाली ढकलायचा, दुपारी पुन्हा तेवढाच. मी अकरा वर्षांची असताना बाबा छपरावरून पडले. वाचले, पण पुढे छप्पर माझ्याकडेच आलं. बाविसाव्या वर्षी इथे लग्न करून आले, जानेवारीत लोक अंगणात कपडे वाळत घालतायत ते पाहिलं, आणि रडले."

"आणि तुमचा नवरा बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात," मी म्हटलं.

"त्याचं काय ते नशीब. तो बर्फ निदान ठोकळ्यांत असतो."

"मग सतरा वर्षं का केलंत?"

"मला विचारलं, तुम्ही बर्फातल्या का. मी हो म्हटलं. ते खरंच होतं." त्यांनी चष्मा घातला. "तुम्हा सगळ्यांना हौस आहे असं वाटलं. एवढ्या लोकांच्या हौसेत आपण कशाला मोडता घालायचा."

हे ऐकून मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. सतरा वर्षांत त्यांना उतारावर पाहिल्याचं मला आठवेना. पायथ्याशी हातात यादी घेऊन, माणसं मोजत उभ्या असायच्या.

आम्ही चौघं गेलो. निघताना कुराता-सान पहाटे पाचला कारखान्याच्या दारात हजर होत्या. बर्फात चालणारे टायर त्यांनी शिझुओकाहून भाड्याने आणवले होते. मागच्या सीटवर डब्यांची उतरंड, प्रत्येकावर आकडा. मालकांच्या औषधांच्या पुड्यांवर वार आणि वेळ. "मला उगीच फोन करू नका," त्या म्हणाल्या.

पहिला फोन मोचिझुकी-सानांनी कोफूच्या अलीकडेच केला.

"तिसरा डबा कुठला?"

"ज्यावर तीन लिहिलंय तो."

"आणि तो कधी खायचा?"



ओगिसावात चार हात बर्फ होता. थोरले मालक लॉजच्या खिडकीपाशी पायांवर रजई घेऊन बर्फ बघत बसले आणि दोन दिवस तिथून हलले नाहीत. तेवढ्यासाठीच आलो, म्हणाले. लिएनने गाडीतून उतरल्या उतरल्या बर्फ चाखून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. मग दुपारभर लहान मुलांच्या उतारावर पडत राहिली, आणि संध्याकाळी पडायची थांबली. मोचिझुकी-सान वरच्या टोकापासून खाली आले ते मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. पासष्टीचा माणूस, पण उतारावर वळण घेताना एवढासाही आवाज नाही. फुजिमोरी-सानसुद्धा फावडं टेकवून बघत राहिले. झोपायला मोचिझुकी-सानांना कोपऱ्यातली लांबची खोली दिली होती. चार माणसांत खोल्याच खोल्या.

दोन दिवसांत कुराता-सानांना आम्ही अकरा फोन केले. शेवटचा लिएनने केला, आणि तो कशाचीही चौकशी करायला नव्हता. ती नुसतंच सांगत होती, काय काय झालं ते. मी कान देऊन ऐकलं. पलीकडून "हं, हं" येत होतं, आणि मधेच, "मोजे बदललेस का?"

या वर्षी ऑक्टोबरात कुराता-सानांनी पुठ्ठा काढला आणि तो सरळ मोचिझुकी-सानांच्या हातात दिला. "ज्याला हौस, त्याने बघायचं."

"मला जमेल का?"

"नाही जमणार. तरी करा."

त्यांना जमलं नाहीच. पहिल्या कागदावर तारीख चौदा, वार मंगळवार, आणि चौदाला मंगळवार नव्हताच. लॉजला कळवलं, पण किती माणसं ते सांगायचं राहिलं. नावं मात्र सहा आली, त्यात ओनोचंही होतं. या वर्षी त्याला उतारावर जायचं आहे म्हणे.

काल मोचिझुकी-सान ऑफिसात आले, हातांना धुराचा वास, कपाळावर घाम. "टायरवाला म्हणतोय, आता उरले नाहीत. नोव्हेंबरातच सांगायला हवं होतं. कुराता-सान, त्याचा नंबर तुमच्याकडे आहे ना? तुमचं ऐकेल तो."

कुराता-सानांचा हात फोनकडे गेला. मी पाहिलं. रिसीव्हरवर तो हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी वहीतून नंबर एका चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली.

"पलीकडच्या टेबलावरून लावा," त्या म्हणाल्या. "मला हामामात्सूच्या ऑर्डरचा फोन यायचाय."

मोचिझुकी-सान पलीकडे बसून टायरवाल्याची बोलणी ऐकत, फोनसमोरच वाकून माफी मागत राहिले. कुराता-सान खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. हामामात्सूचा फोन काही आला नाही.