पिंपळापुरेसाहेबांनी पास केलेला तडा

नीळकंठराव पिंपळापुरे कारखान्यात तपासनीस होते, म्हणजे तेहेतीस वर्षं त्यांना 'नाही' म्हणायचा पगार मिळत होता. ओतीव लोखंडाच्या मालावर भिंग धरायचं, केसाएवढा तडा दिसला की लाल फुली मारायची. अख्खी शॉप, म्हणजे त्यांच्या विभागातली सगळी माणसं, त्यांच्यावर चिडायची आणि बाहेर गेली की त्यांच्याच नावाने छाती फुगवायची. "आमच्याकडे पिंपळापुरे आहेत," एवढं म्हटलं की गिऱ्हाईक गप्प.

उद्या ते रिटायर होणार होते. जाणाऱ्याने सगळ्यांचं तोंड गोड करायचं, ही शॉपची रीत. आणि वेल्डर सुभाषने परवाच सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "साहेब, आजवर आमचा माल तुम्ही तपासलात. आता जाताना तुमचा आम्ही तपासणार."

नीळकंठरावांनी हे हसण्यावारी नेलं नाही. त्यांच्या हातून सदोष माल शॉपमध्ये जाणं म्हणजे तेहेतीस वर्षांवरच लाल फुली.

म्हणून ते दुपारी चार वाजताच बायकोला, सिंधूताईंना, स्कूटरवर मागे बसवून, पायांत तुपाचा डबा धरून कारखान्याजवळच्या सोनागिरीत लतीफभाईंच्या बेकरीवर नानखटाई करवून घ्यायला हजर झाले. तिथे मैदा, रवा, साखर, तूप घरून न्यायचं, समोर मळून घ्यायचं आणि भट्टीतून ट्रे निघेपर्यंत बाकावर पहारा द्यायचा. नाहीतर आपलं तूप शेजारणीच्या नानखटाईत गेलंच म्हणून समजा. रांगेत कारखान्याची अर्धी टाउनशिप होती. अरेरा कॉलनीतली बंगलेवाली मंडळीसुद्धा गाड्या काढून इथेच येतात, हे सोनागिरीवाले पाहुण्याला पाण्याच्या आधी सांगतात.

पहिला ट्रे निघाला. वेलचीचा घमघमाट रस्त्यापर्यंत गेला. नीळकंठरावांनी खिशातून भिंग काढलं.

"लतीफभाई, तडे हैं. हर एक में. रिजेक्ट."

लतीफभाईंच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं.

"साहब, चालीस साल से यही फटती है, और लोग यही ले जाते हैं."

"अहो, घ्या की गुमान," सिंधूताई कुजबुजल्या. "नानखटाई आहे ती, टर्बाइन नाही."

"तडा तो तडा."

लतीफभाईंनी उरलेल्या सामानातलं थोडं घेतलं, त्यात मैदा वाढवला, सोडा वगळला, तुपाचा हात आखडला आणि दुसरा ट्रे लावला. अर्ध्या तासाने जे बाहेर आलं ते गुळगुळीत, गोल, निर्दोष होतं. नीळकंठरावांनी अभिमानाने चावा घेतला. कट्ट असा आवाज रांगेच्या टोकापर्यंत गेला. ते जबडा धरून बाकावर बसले.

सिंधूताईंनी तडकलेल्यांतली एक उचलून त्यांच्या तोंडात घातली. चावायला काही उरलंच नाही. तूप, वेलची आणि मग नुसती आठवण.

तेहेतीस वर्षांत त्यांनी आपला शेरा एकदाही फिरवला नव्हता. ते उठले, सगळ्या रांगेदेखत म्हणाले, "लतीफभाई, गलती मेरी. माल पास. बाकी भी ऐसे ही फोड़ दीजिए."

"फूटेगी साहब," लतीफभाई म्हणाले, "अपने आप."

दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये मशीन थांबवून सगळे जमले. सुभाषने साहेबांचंच भिंग मागून घेतलं, एक नानखटाई डोळ्यांशी धरली आणि जज्जाच्या थाटात म्हणाला, "साहेब, तडा आहे."

"आहे. आणि पास आहे. सही माझी."

"मग आमच्या लोखंडाने काय घोडं मारलं होतं?"

"सुभाष, ज्या दिवशी ते तोंडात विरघळेल, त्या दिवशी तेही पास करीन."

सुभाषने तोंडात टाकली. मग त्याने दुसरी घेतली, खिशात तिसरी घातली आणि विचारलं, "कुठली हो ही?"

आयुष्यात कुणाच्या मालाचं कौतुक न केलेले नीळकंठराव ताठ उभे राहिले. "सोनागिरी. लतीफभाई. तूप आपलं न्यायचं, बाकावर बसायचं आणि त्यांच्या कामात नाक खुपसायचं नाही."